पट्टीवरच्या दोन रेघा

४ मार्च

चि. खंड्या,

आशीर्वाद घे, आणि पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे जिवंत आहेत. फोन सोडून ताईला हे पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तुला वाटणार. अरे, तुझा फोन लागतो तेव्हा मागे इंजिन धडधडत असतं आणि शेजारी दोघं-तिघं कान टवकारून बसलेले असतात. मला जे बोलायचंय ते ओरडून बोलण्यासारखं नाही. तुमच्या कंपनीच्या माणसाने सांगितलं, पुढच्या बंदरातल्या कचेरीच्या पत्त्यावर टाका, बोट लागली की हातात पडेल. म्हणून बसले लिहायला. अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझं तरी कुठे मोत्याचे दाणे आहेत?

बाबांचा गुडघा आहे तसाच. डॉक्टरांनी जिना टाळा म्हटलं, तर हे मुद्दाम वर-खाली करतात, का तर अजून दुखतोय का ते बघायला. आई ठणठणीत आहे आणि तिचं तोंड तिच्याहून ठणठणीत. मी दिवसभर त्या बिनखिडकीच्या खोलीत लोकांना 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा' सांगते. घरी आले की आई बोलत असते आणि मी श्वास धरून ठेवते. चाललंय.

आता तुझ्या बायकोचं. मिठूचा खोकला अजून गेलेला नाही. तुला ती फोनवर 'जरा घसा बसलाय' म्हणते ना, तो जरा नाहीये. बालवाडीत पोरांना गाणी शिकवून शिकवून बसला असेल, असं आम्हीही म्हणत होतो. तिचं तोंड झोपेत तेवढं बंद असतं, हे तुला मी काय सांगायचं. पण गेल्या आठवड्यात तिच्या रुमालावर मी रक्त पाहिलं आणि तश्शी ओढत तिला आमच्या हॉस्पिटलात नेली. छातीचा एक्स-रे मीच काढला. दोन्ही फुप्फुसांत गोल गोल डाग आहेत, नाण्यांएवढे. इतकी वर्षं मी फिल्मा बघतेय, पण डाग कशाचे हे सांगणं माझं काम नाही. आणि खरं सांगू, हे डाग मला ओळखीचेही वाटले नाहीत. थुंकी तपासली, तिच्यात काही निघालं नाही. छातीचे डॉक्टर म्हणाले, सीटी स्कॅन करू.

सीटी अजून झालेला नाही. पुढे ढकललाय. त्याचं कारण आहे, पण ते आत्ता नको.

एक विचारायचं होतं. हे विचारतेय म्हणून हसू नकोस, चिडूही नकोस. तू गेल्यापासून, या एवढ्या महिन्यांत, मधे कधी येऊन गेलास का? म्हणजे आम्हाला न सांगता? एखादी रात्र, एखादा दिवस? बोट जवळच्या बंदराला लागली असेल, मिठू तिकडे भेटायला आली असेल, आईला कळलं तर ती खर्चावरून बोलेल म्हणून तुम्ही दोघांनी गुपचूप ठेवलं असेल. असं असेल तर मी कोणाला सांगणार नाही. उलट मला फार बरं वाटेल. तू लहानपणापासून चोर आहेस, मला ठाऊक आहे. तेव्हा सरळ हो म्हण.

तू हो म्हणावंस असं मला फार वाटतंय, खंड्या.

जेवत जा नीट. उत्तर लगेच लिही, किंवा एकटा असशील तेव्हा मला फोन कर. मला कर, घरी नको.

तुझ्या एका शब्दासाठी अडलेली,
ताई


१३ मार्च

खंड्या,

तू फोन उचलत नाहीस. आधी वाटलं बोट भर समुद्रात असेल. मग कळलं की बोट धक्क्यालाच उभी आहे. तेव्हा हे पत्र फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

गेल्या वेळी मी नुसती गोल गोल फिरले. आता तुला सगळं कळलंच आहे, तर ते नीट तरी कळू दे. आईच्या तोंडून जे कळलं असेल ते मीठमसाला लावून कळलं असणार.

आमच्याकडे नियम आहे. मूल होण्याच्या वयाची कुठलीही बाई सीटीच्या टेबलावर चढण्याआधी तिची लघवी पट्टीवर तपासायची. लग्न झालंय की नाही, नवरा घरी आहे की सातासमुद्रापलीकडे, काही विचारायचं नाही. पोटात मूल असेल तर किरण त्याला बाधतात. आमच्या दाराला तशी पाटीच आहे. आमच्यासाठी ती पट्टी म्हणजे फाटक. एक रेघ आली की आत घ्यायचं, दोन आल्या की परत पाठवायचं. मिठूला मी म्हटलं, चल, हा सोपस्कार उरकू. ती बडबडतच बाटली घेऊन गेली आणि बडबडतच परत आली. दोन रेघा उमटल्या.

मी दुसरी पट्टी काढली. मग नवं खोकं फोडलं. मिठू माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, अहो ताई, तुमच्या पट्ट्या जुन्या झाल्यात वाटतं. चेष्टा नव्हती ती, तिला खरंच तसं वाटत होतं. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. कसं पाहिलं असेल कोण जाणे, पण तिची बडबड बंद झाली. मी तिच्या तोंडाला कुलूप बघितलं ते तेव्हा पहिल्यांदा.

सीटी तिथेच रद्द झाला. नियमच आहे. बायकांच्या विभागात नेली, तर तिथल्या मोठ्या डॉक्टरबाई रजेवर. नवीन डॉक्टर मुलीने सोनोग्राफी केली. मूल दिसत नाही, म्हणाली, गर्भपिशवीत काहीतरी धूसर आहे, फार लवकर असेल नाहीतर आपोआप पडत असेल, पंधरा दिवसांनी या. मिठू तिला सांगत होती की असं होऊच शकत नाही. त्या मुलीने मान डोलावली, जशी आम्ही सगळे पेशंटांपुढे डोलावतो तशी.

मी आईला सांगायला नको होतं. पण घरी आल्यावर माझा चेहरा बघून तिने खोदून खोदून विचारलं, आणि मी बोलून गेले. पुढचं तुला माहीत आहे. तुझ्या बायकोने दिवे लावलेत, हे शब्द आईने फोनवर वापरले, तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. नळ बंद केला नाही.

बाबा मात्र उठून उभे राहिले. म्हणाले, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ही असली गोष्ट महिनोन्‌महिने पोटात ठेवेल? तुम्ही सगळे खुळे झालात का? आई त्यांना म्हणाली, तुम्हाला काय कळतं. बाबा बसले.

मग तुझा तिला मेसेज आला. तिची सवय तुला माहीत आहे, आलेलं सगळं मोठ्याने वाचायची. जेवणाच्या टेबलाशी उभी होती, सवयीने वाचायला लागली. 'कोणाचं आहे ते सांग. नाहीतर मी यायच्या आत घर सोड.' शेवटपर्यंत वाचलं तिने. मधे थांबलीसुद्धा नाही. मग खोलीत जाऊन बॅग भरली. माहेरी आता कोण आहे तिचं? बालवाडीच्या मागच्या खोलीत राहायला गेली. बाबांनी तो तसला गुडघा घेऊन बॅग खाली नेली, मला हात लावू दिला नाही.

तुला वाटेल, ताईला काय वाटतं? इतकी वर्षं हेच काम करते ना. तर ऐक. पट्टी खोटं बोलत नाही. मिठूही खोटं बोलत नाही, हे मला तेवढंच पक्कं ठाऊक आहे. दोन्ही खरं कसं असेल ते माझ्या डोक्यात शिरत नाही. आणि ज्या बाजूला उभी राहिले ती पट्टीची. तिच्याकडे मी अजून गेलेले नाही. रोज ठरवते आणि रोज चार वाजता दुसऱ्या रस्त्याने घरी येते.

तू तिला एकदा फोन कर. शिव्या दे हवं तर. पण तिचा आवाज तरी ऐक, तो खोकला ऐक. बाकीचं मग बघू.

ताई


२९ मार्च

खंड्या,

हे पत्र बसून वाच. डेकवर वाचू नकोस, केबिनमध्ये जा, दार लाव. मी चेष्टा करत नाहीये.

मिठू आमच्याच हॉस्पिटलात आहे. जिवंत आहे, शुद्धीवर आहे. हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं तू धड वाचणार नाहीस.

गेल्या आठवड्यात, सोमवारी दुपारी, बालवाडीतल्या आयाचा मला फोन आला. पोरं घरी गेली होती. बाई मोरीत पडल्यात, म्हणाली, आणि तोंडातून रक्त येतंय. मी शिशाचा एप्रन अंगावर तसाच ठेवून धावले. फाटकाशी वॉचमनने आवाज दिला तेव्हा कळलं, तिथेच काढून त्याच्या अंगावर टाकला. ती मोरी पोरांची आहे रे, सगळं गुडघ्याएवढं. बुटकं बेसिन, बुटका नळ. त्या बेसिनला धरून बसली होती. ती झोपत होती पोरांच्या दुपारच्या गाद्यांवर, तीन गाद्या जोडून, पाय तरी खाली येत असणार. मला बघून ती बोलली नाही. बोलायला श्वास लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता.

मोठ्या बाई रजेवरून परत आल्या होत्या. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधतात आणि सापडेपर्यंत सगळ्या नर्सना घाम फोडतात. त्यांनी मिठूचे कागद वाचले. मला वाटलं आता विचारतील, नवरा कुठे असतो, कधी आला होता. सगळ्यांनी तेच विचारलं होतं. यांनी विचारलं, याआधी दिवस गेले होते का?

मिठूने हो म्हणून मान हलवली. गेल्या वर्षीचं, तिसऱ्या महिन्यात गेलेलं. तू तेव्हा इथेच होतास. ते धुऊन काढलं त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझी बोट निघाली.

काढलं ते तपासायला पाठवलं होतं ना, रिपोर्ट कुठाय, असं बाईंनी विचारलं.  मिठूने हळूहळू, खोकत खोकत सांगितलं, आणि ते मी पहिल्यांदा ऐकलं. त्या नर्सिंग होमने काढलेलं ते औषधात घालून बाटली तुझ्या हातात दिली होती, लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून. सगळीकडे असंच देतात, नातेवाइकांनीच न्यायचं. तुम्ही दोघं रिक्षात बसलात. लॅबपाशी रिक्षा थांबली, आणि तिला ते कोणाच्या तरी टेबलावर ठेववेना. तुलाही ठेववेना. तुम्ही तशीच रिक्षा वळवलीत आणि नदीकाठी जाऊन ते पुरलंत. कोणाला सांगायचं नाही असं ठरवलंत. आणि जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिने हे वर्षभर सांगितलं नाही.

बाई रागावतील असं मला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, अर्ध्या बाटल्या लॅबपर्यंत पोचत नाहीत. मग माझ्याकडे वळल्या. छातीची फिल्म त्यांनी उजेडाला धरली होती.

"ही कोणी काढली?"

"मी."

"आणि पट्टी कोणी केली?"

"मीच."

"दोन्ही तुझ्याच हातात होती," त्या म्हणाल्या. "शेजारी शेजारी ठेवून नाही बघितलीस?"

नाही बघितली. कोणीच नाही बघितली. छातीच्या डॉक्टरांनी छाती बघितली, त्या मुलीने पोट बघितलं, मी फाटक लावून घेतलं. आमच्या खोलीत त्या पट्टीला एकच अर्थ असतो, खंड्या. दुसरा असू शकतो हे कधी शिकले असेन तर विसरले असेन. पट्टी मूल ओळखत नाही. ती वारेचा रस ओळखते, पोटात मुलाला पोसते त्या वारेचा. मूल नसलं आणि नुसती वार पिसाळून वाढत सुटली, तरी दोन रेघा येतात. डाग आणि रेघा एकाच आजाराचे होते. ज्या पट्टीवरून तिचा सीटी रद्द केला, ती पट्टीच तिच्या आजाराचं नाव सांगत होती.

त्यांनी रक्त पाठवलं. संध्याकाळी रक्तातल्या त्याच रसाचा आकडा आला, लाखांत. जुळी असती तरी एवढा येत नाही, म्हणाल्या. आई आणि मी व्हरांड्यात उभ्या होतो. मीच बोलावलं होतं तिला. मिठूचं स्ट्रेचर दाराच्या आत होतं, दार अर्धं उघडं. बाईंनी आम्हाला सांगितलं. ती गरोदर नाही, या वेळी नव्हतीच. गेल्या वर्षी जे होतं तो बहुधा साधा गर्भ नव्हता, द्राक्षगर्भ होता, वारेचे नुसते घोस. त्यातलं काहीतरी आत राहिलं, वाढलं, बिघडलं, रक्तातून फुप्फुसांत गेलं. हा कॅन्सर आहे.

 मी काहीतरी बोलले. ते पुढे लिहिते.

आधी तुझं. तू विचारलं होतंस, कोणाचं आहे. घरात कोणीच तुला उत्तर देऊ शकलं नाही, मिठूसुद्धा नाही. मी बाईंना विचारलं, असं होतं कशाने, तिचं काही चुकलं का? त्या म्हणाल्या, कोणाचंच चुकत नाही, हजारात एखादीला होतं. मग म्हणाल्या, बऱ्याचदा अशा गर्भात आईचं काहीसुद्धा नसतं. सगळी गुणसूत्रं बापाची असतात. तिच्या छातीत जे वाढतंय ना, ते बहुधा सगळंच्या सगळं बापाचं.

तर हे घे तुझं उत्तर. तुझं आहे. दुसऱ्या कोणाचं नाही आणि तिचंही नाही. तू तिला घराबाहेर काढलंस ते तुझ्याच रक्तामांसावरून. हे वाचून तुला जे होत असेल ते होऊ दे, मला ऐकल्यापासून होतंय.  

आता उपचारांचं. बाईंनी सांगितलं, पसरलेला असूनही हा कॅन्सर औषधाला फार लवकर ऐकतो, बाकीच्यांसारखा नाही. बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात, पुढे मुलंबाळंही होतात. पण मिठूचा पसरलाय, पंधरा दिवस उगाच वाया गेलेत, त्यामुळे एक नाही, बरीच औषधं एकत्र द्यावी लागतील. औषधांची पहिली फेरी झाली. उलट्यांनी पार गळून गेली आहे. काल आकडा निम्म्याहून खाली आला. बाईंनी चष्मा न शोधता कागद वाचला, म्हणजे खूश असाव्यात. पण पक्कं म्हणत नाहीत. आणखी दोन फेऱ्या होऊ देत, मग बोलू, एवढंच. मधेच फुप्फुसात रक्त फुटू शकतं, हेही सांगून ठेवलंय. म्हणून तिला एकटीला सोडत नाही आम्ही.

बाबा दिवसभर बसतात, पेपर मोठ्याने वाचून दाखवतात, कारण तिला स्वतःला वाचवत नाही. आई रोज येते, पण आत जात नाही. बाकावर बसून राहते. मी परवा तिला म्हटलं, जा की आत, ती काही खात नाही तुला. आई म्हणाली, काय तोंड घेऊन जाऊ? आईला कधी शब्द कमी पडले नव्हते.

आणि आता माझं. हे लिहायचं नव्हतं मला. दोनदा पत्र बंद केलं होतं.

व्हरांड्यात बाईंनी कॅन्सर म्हटलं ना, तेव्हा मी म्हटलं, "बरं झालं."

मोठ्याने. तोंडातून निघून गेलं. आई पण मान हलवत होती, रडत रडत, देव पावला असं काहीतरी पुटपुटत. बाई आमच्याकडे बघतच राहिल्या. घरात कोणाला कॅन्सर झाल्यावर 'बरं झालं' म्हणणारी माणसं त्यांनी पाहिली नसतील. आपलं घर वाचलं, आपली मिठू तसली नव्हती, त्या भरात मला ती मरू शकते हे सुचलंच नाही. मला, खंड्या. मी तिला लग्नात या घरात हाताला धरून आणलं होतं. दार अर्धं उघडं होतं.

तिने ऐकलं.  पहिली फेरी झाल्यावर, मी तिचं तोंड पुसत होते, तेव्हा म्हणाली.

"ताई, तुम्ही बरं झालं म्हणालात ना."

मी पाय धरायला गेले, तिने पाय ओढून घेतले.

"मलापण आधी तेच वाटलं," म्हणाली. "सुटले, असं. खरी ठरले एकदाची. कॅन्सर झाला म्हणून मला आनंद झाला, ताई. आणि मग मी विचार केला, नसता झाला तर? पट्टीच खराब निघाली असती, नुसतीच, तर तुम्ही कोणी आला असतात का मला न्यायला?"

 तुझ्याकडे आहे का याचं उत्तर? मी तोंड पुसत राहिले.

मग मी विचारलं, त्याला कळवू का?   म्हणाली, कळवा. लपवून ठेवायचा आता मला कंटाळा आलाय. पण त्याला ये म्हणू नका. आजारी बायकोला बघायला कोणीही येतं. मी बॅग भरली त्या दिवशी मला तो हवा होता, त्या दिवशी मी नुसती त्याची बायको होते.

म्हणून मी तुला ये म्हणत नाहीये. आईने लिहायला सांगितलंय की ये, बाबांनी काहीच सांगितलेलं नाही. मला विचारशील तर मला काहीच विचारू नकोस, मी तो हक्क व्हरांड्यात घालवून बसले. तू येऊन दारात उभा राहिलास तर ती आत घेईल की तोंड फिरवेल, मला सांगता येत नाही. तोंड फिरवलं तर तू उभा राहशील का, तेवढं मात्र बोटीवरून उतरायच्या आधी स्वतःला विचार. आणि नाही असं उत्तर आलं, तर येऊ नकोस. आमच्यासारखी माणसं तिच्या खाटेपाशी आधीच पुष्कळ झाली आहेत.

तिच्या कॅन्सरला बरं झालं म्हणालेली,
तुझी ताई